मोकळ्या जागेचा ताबा

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता नगरपालिकेच्या मॅडम खळग्याचा ताबा घ्यायला येणार होत्या. मोजणीदार बिनचूक मात्र साडेसातलाच तिथे हजर. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, मग घरी बसून तरी काय करणार?

बिनचूक हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. माणसाचा धंदा जमीन मोजायचा. तीस वर्षं झाली, आणि तीस वर्षांत त्याच्या नकाशात कुणाला बोटभर फरक सापडला नाही, म्हणून कचेरीतल्या लोकांनी ते नाव ठेवलं. आधी चेष्टेनं, मग खरोखरीच. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. कुणी तशी हाक मारली की मिशीतल्या मिशीत हसायचा. गेल्या चार दिवसांत मात्र ते नाव ऐकलं की तो मान खाली घालत होता.

शहराचा नियम तसा साधा आहे. मोठ्या जमिनीचे तुकडे पाडून घरांसाठी विकायचे असतील तर दहावा हिस्सा मोकळा सोडायचा आणि शहराच्या नावे करून द्यायचा. पोरांना खेळायला, झाडं लावायला, उद्या वेळ पडली तर दवाखाना बांधायला. तो एकाच तुकड्यात द्यायचा, आणि एक इंच कमी चालत नाही. जागा ताब्यात आली की ले-आउटला शेवटची मंजुरी, आणि मंजुरी मिळाली की घरांना नळ आणि वीज. आता जमीन विकणारा हा दहावा हिस्सा कुठला देणार, हे काय सांगायला हवं? ज्याच्यावर घर उभं राहत नाही, तो. इथे जमीन विकणाऱ्या शेठने दिला होता जुन्या दगडखाणीचा खळगा. वाडग्यासारखा खोलगट, मधोमध चांगला चार पुरुष खोल, आत कमरेएवढं गवत. खळग्याच्या दोन बाजूंना रस्ता, तिसरीकडे जुन्या वस्तीची भिंत, आणि चौथ्या बाजूला काठाकाठाने तीन प्लॉट. त्यातले दोन अजून रिकामे होते. मधल्यावर घर उभं होतं, छप्पर चढलेलं, भिंती झालेल्या, फक्त दारं-खिडक्या बसवायचं राहिलेलं.

ते घर त्याच्या धाकट्या बहिणीचं. ठमीचं. प्लॉट बिनचूकनेच निवडून दिला होता. "डोळे झाकून घे ठमे," म्हणाला होता, "समोर शहराची मोकळी जागा आहे. जन्मात कधी तुझ्या खिडकीसमोर भिंत उठायची नाही." ठमीने डोळे झाकूनच घेतला. दादा म्हणतोय म्हटल्यावर तिला आणखी काय लागतं?

ठमीचे यजमान आचारी. एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे माणसांचं रांधायचे. तीन वर्षांपूर्वी पाठीचा मणका गेला आणि कमरेखालचं अंग गेलं. दोन ऑपरेशनं झाली, उपयोग शून्य. चाकांच्या खुर्चीत बसून राहिलेला माणूस, पण तोंड शाबूत. "पाय गेले, हात कुठे गेलेत?" म्हणायचे. म्हणून हे घर. घर म्हणजे खरं तर एक स्वयंपाकघर आणि त्याला चिकटलेल्या दोन खोल्या. खळग्याच्या बाजूला दहा फूट रुंद स्वयंपाकघर, खुर्चीला गर्रकन वळता येईल एवढं. ओटा खाली, अठ्ठावीस इंचांवर, त्याच्या खाली गुडघे आत जायला पोकळी. इथे बसून दाजी डबे करणार, ठमी ते पोचवणार. तीन वर्षं ती दोघं या एका गोष्टीवर जगत होती.

आता चूक कुठे झाली ते ऐका. जमीन उताराची असली की टेप जमिनीवर टाकून मोजायचं नसतं. उतारावर अंतर जास्त भरतं, आणि कायद्याला लागतं ते सपाट अंतर. म्हणून टेप आडवा, हवेत ताणून धरायचा, टोकाला दोरीचं वजन, म्हणजे ओळंबा, सोडायचा, जिथे त्याचं टोक टेकेल तिथे खुंटी मारायची आणि तिथून पुढे. पायऱ्या उतरल्यासारखं. हे बिनचूकला कुणी शिकवायला नको. पण दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी गवत छातीएवढं होतं, टेप धरणारा माणूस आला नव्हता, म्हणून त्याने टेप सरळ खळग्यातून टाकला, या काठापासून त्या काठापर्यंत. भरले एकशे साठ फूट; दुसरी बाजू काठाने सपाटच होती, तिथे अडचण नव्हती. वहीत लिहिलं, आणि त्याच्या सवयीप्रमाणे आकड्याखाली तिरकी रेघ मारली. तिरकी रेघ म्हणजे उतारावरचं माप, घरी गेल्यावर कापून घ्यायचं. तेवढ्यात फोन वाजला. दाजींना दुसऱ्यांदा ऑपरेशनला आत घेतलं होतं. वही मिटली आणि तो दवाखान्यात पळाला. पंधरा दिवसांनी नकाशा काढायला बसला तेव्हा एकशे साठ दिसले, खालची रेघ दिसली नाही. हद्दीची बेरीजही त्याच आकड्यावरून केलेली, त्यामुळे कागदावर कुठे काही अडलंच नाही. सगळे प्लॉट त्या नकाशावरून पडले आणि विकलेही गेले.

रेघ दिसली ती या सोमवारी. ताब्याचे कागद तयार करायला जुनी वही काढली, आणि समोर तिरकी रेघ. घाम फुटला बिचाऱ्याला. एकटाच गेला खळग्यावर, दोन तास ओळंब्याने मोजलं. एकशे त्रेपन्न फूट आठ इंच. सहा फूट चार इंच कमी.

बाकी तीन बाजू सरकणाऱ्या नव्हत्या. रस्ता रस्ताच होता, वस्तीची भिंत शंभर वर्षांची. म्हणजे हद्द सरकणार ती प्लॉटांच्या बाजूने. हद्द सरकली की घराची भिंतही तेवढीच आत घ्यायची, कारण हद्दीपासून सोडायची जागा सोडलीच पाहिजे. दहा फुटांच्या स्वयंपाकघरातून सहा फूट चार इंच जाणार. उरलेल्यात खुर्ची वळायची तर राहोच, ओट्यासमोर नीट उभीसुद्धा राहायची नाही.

हे सगळं त्याला सोमवारी कळलं. मंगळवारी सांगू, मनाशी म्हणाला. मंगळवारी जीभ उचलली नाही. आणि बुधवारी ठमीने बोलावून घेतलं, "दादा, ओट्याची फरशी बसवतायत, तू उभा राहा, तुझ्याशिवाय मला भरवसा नाही." गेला. हातात पाणसळ घेऊन फरशी सपाट आहे का ते बघितलं. गवंड्याला म्हणाला, "हां, आता बरोबर." दाजींनी खुर्ची ओट्याखाली घातली, मागे घेतली, गोल फिरवली आणि लहान मुलासारखे खो-खो हसले. बिनचूकही हसला. अरे, माणसाने हसावं कसं अशा वेळी? पण हसला.

नऊ म्हणता साडेनऊला मॅडम आल्या, शिपायाला घेऊन. तिशीची पोर, नोकरीला चार वर्षं झालेली, काम चोख. बिनचूकला काका म्हणायची, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी तिचा एक चुकीचा नकाशा याने वर जायच्या आधी गुपचूप परत पाठवला होता. पाठोपाठ शेठची गाडी आली. शेठ उतरला तोच घड्याळ बघत.

"काय बिनचूक, झोप झाली नाही वाटतं? चेहरा काय झालाय!"

"गरम होतं रात्री."

"मोजणीदारांना कसलं गरम होतंय, उन्हातली माणसं तुम्ही. चला मॅडम, आटपून घेऊ. चाळीस माणसं नळासाठी माझ्या नावाने खडे फोडतायत."

मॅडमनी फाइल उघडली. "काका, तुमचं माप आहे म्हणजे खरं तर मोजायची गरज नाही. पण आता जागेवर मोजल्याची नोंद लागते. एकदा टेप टाकू या का?"

"टाका," बिनचूक म्हणाला.

लांबलचक कापडी टेप निघाला. शिपाई गुंडाळी सोडत खळग्यात उतरला, गवत तुडवत पलीकडच्या काठावर चढला आणि भिंतीशी उभा राहिला. इकडचं टोक प्लॉटच्या खुंटीशी मॅडमनी धरलं. बिनचूक बघत राहिला. टेप खाली गेला, जमिनीला चिकटून, तळाशी टेकला, तसाच वर चढला. ताणलाच नाही कुणी. एवढ्या लांब ताणला जातही नाही. त्याला वाटलं, आता या पोरीच्या लक्षात येईल. आता म्हणेल, काका, हे उतारावरचं झालं. आलं असतं लक्षात तर किती बरं झालं असतं! दोष निघाला असता, पण तोंड उघडायची पाळी आली नसती.

"किती?" मॅडम ओरडल्या.

"एकशे साठ!" पलीकडून शिपाई ओरडला. "वर अर्धा इंच!"

"बघा," मॅडम हसल्या, "अर्धा इंच जास्तच दिलंय काकांनी."

शेठने टाळी वाजवली. "उगाच का बिनचूक म्हणतात? द्या इकडे, कुठे सही करायची?"

एवढ्यात घराच्या बाजूने ठमी आली, एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात पेल्यांची चवड. तिच्या मागे दाजी, फळीवरून खुर्ची ढकलत स्वतःच आले. ठमीने मॅडमना चहा दिला आणि नको ते बोलली. "आमच्या दादानं मोजलंय, मॅडम. तुम्ही अगदी निर्धास्त सही करा."

"निर्धास्तच आहे मी," मॅडम म्हणाल्या. फाइल गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी ताबापावती भरायला घेतली. मोठ्याने वाचत लिहीत होत्या. "पूर्व-पश्चिम एकशे साठ, दक्षिणोत्तर एकशेवीस. जागेवर समक्ष मोजून बरोबर आढळली. पुढच्या महिन्यात कुंपणवाले येतील. ते हल्ली मशिनने मोजून खांब रोवतात, तेव्हा तुमची खुंटी हलवू नका हां."

मशिन. बिनचूकच्या कानात तो एकच शब्द राहिला. मशिनला टेप टाकायला लागत नाही. मशिन थेट या काठावरून त्या काठावर बघतं. महिनाभरात मशिन सहा फूट चार इंच कमी दाखवेल, आणि तोपर्यंत ठमीचं बिऱ्हाड आत आलेलं असेल. दाजींचे डबे सुरू झालेले असतील. कुंपणवाला खांब रोवायला स्वयंपाकघराच्या दारात उभा राहील. आणि 'समक्ष मोजून बरोबर आढळली' याखाली सही असेल या पोरीची. तिची नोकरी जाईल.

मॅडमनी सही केली, तारीख घातली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. "काका, मोजणीदार म्हणून इथे."

त्याने पेन घेतलं. हात कागदावर टेकला. शेठ मागून म्हणाला, "अहो करा की, मुहूर्त बघताय का?" ठमी हसली. दाजी फुंकर मारून चहा पीत होते.

"फाडा हा कागद," बिनचूक म्हणाला.

"काय?"

"फाडा, मॅडम. जागा कमी आहे. टेप जमिनीवर पडलाय. उतारावरचं माप आहे ते." आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "माझंही तसंच पडलं होतं. नकाशा चुकलाय. माझा."

मॅडम खळग्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आपण आत्ता काय केलं ते त्यांना कळलं. शेठला आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तो बिनचूकला दंडाला धरून बाजूला घेऊन गेला.

"डोकं फिरलंय का तुझं?" दात-ओठ खात तो म्हणाला. "सही झाली होती तिची! चार-सहा फुटांनी कुणाचं काय जातंय? खड्डा आहे तो, खड्डा! कुत्रंसुद्धा फिरकत नाही तिथे!"

"दंड सोडा."

"अरे, तुझ्या बहिणीचं घर आहे ते. स्वतःच्या बहिणीचं! जरा तरी लाज वाटू दे!"

"म्हणूनच सांगतोय," बिनचूक म्हणाला. पण ते काही त्याला स्वतःलाच पटलं नाही.

ओळंब्याने मोजायला सव्वा तास लागला. मॅडमनी आता कुणावर भरवसा ठेवला नाही. स्वतः गवतात उतरल्या, प्रत्येक खुंटी स्वतः मारली, प्रत्येक आकडा स्वतः लिहिला. बिनचूक फक्त टेप आडवा धरून उभा होता. काठावर ठमी उभी होती, किटली तशीच हातात. एकशे त्रेपन्न फूट आठ इंच. मॅडमनी बेरीज दोनदा केली. मग वर आल्या, ताबापावतीचे चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले.

"सहा फूट चार इंच," त्या ठमीला म्हणाल्या. नजर मात्र खाली. "हद्द तेवढी आत येईल. तिन्ही प्लॉटांत. घराची भिंत... ताई, मी काही करू शकत नाही. एक इंचही सोडता येत नाही मला. नाहीतर चाळीस घरांना पाणी नाही."

"दुसरा प्लॉट?" ठमीने शेठला विचारलं.

"सगळे गेलेत." शेठ गाडीकडे वळला. "भावाला विचारा. त्यानं निवडून दिलाय ना?"

गाड्या गेल्या. धुरळा खाली बसेपर्यंत तिघंही तिथेच होती. बिनचूक मनात वाक्य जुळवत होता. पाया पडेन. भिंत मी स्वतः बांधून देईन, माझी खोली देतो, दाजींना तिथे ओटा करून देतो, काय वाट्टेल ते.

"ठमे, चूक झाली माझी. त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला आणि..."

"चूक माणसाकडून होते," ठमी म्हणाली. रागावली नव्हती. अगदी साध्या आवाजात बोलत होती, आणि त्यामुळेच त्याला जास्त भीती वाटली. "तेवढं कळतं मला. तू आमच्याच मागे धावत होतास तेव्हा. तुला कधी कळलं, ते सांग."

खोटं बोलता आलं असतं. आत्ता, टेप बघितल्यावर, म्हणता आलं असतं. पटलंही असतं तिला.

"सोमवारी."

ठमीने किटली खाली ठेवली. "सोमवारी."

"हो."

"म्हणजे बुधवारी तुला ठाऊक होतं."

त्याने मान हलवली.

"हे फिरले तेव्हा. खुर्ची फिरवली तेव्हा तू तिथेच होतास, दादा. मी तुझ्याकडेच बघत होते. म्हटलं, बघ, कसा खूश झालाय माझा भाऊ."

"मला सांगवेना, ठमे. त्यांचा चेहरा बघून..."

"आमच्याकडे बघवलं ना पण?"

दाजी घसा खाकरून म्हणाले, "जाऊ दे ग. बघू काहीतरी. किती उरतंय, ते तरी बघू आधी."

"मी सांगतो," बिनचूक घाईने म्हणाला. खिशातला लहान टेप काढून तो घराकडे निघाला. निदान एवढं तरी आपल्याला येतं, असं त्याला वाटलं असावं. "आतून भिंतीपासून धरलं तर..."

"टेप दे इकडे," ठमी म्हणाली.

"अग, मी मोजतो ना."

"नको. दे."

त्याने दिला. ती दाजींची खुर्ची ढकलत आत गेली. दार बसलं नव्हतं, त्यामुळे बाहेरून सगळं दिसत होतं. तिने टेपचं टोक दाजींच्या हातात दिलं आणि आतल्या भिंतीशी धरायला सांगितलं. स्वतः खळग्याकडच्या भिंतीपाशी गेली. आधी सहा फूट चार इंच मोजून जमिनीवर विटेच्या तुकड्याने रेघ ओढली. रेघ वाकडी आली. पुसून पुन्हा ओढली. रेघ नव्या कोऱ्या ओट्याला मधोमध कापून गेली. तिला धड टेप धरता येत नव्हता, आकडा उलटा वाचत होती, दाजी तिकडून सांगत होते, "अग खाली धर, खाली, सपाट धर." बिनचूक चौकटीबाहेर उभा होता. त्याचे हात नुसते वळवळत होते.

"किती झाले?" दाजींनी विचारलं.

"थांबा." तिने खाली वाकून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "तीन फूट आठ इंच."

"नीट बघ."

"नीटच बघितलं."

दाजींनी खुर्ची त्या रेघेच्या आत घेतली. वळायला गेले. मागचं चाक भिंतीला लागलं. पुढे घेतली, पुन्हा वळवली, पावलं रेघेच्या पार पलीकडे गेली. तिसऱ्यांदा त्यांनी केलं नाही. हात चाकांवरून काढून मांडीवर ठेवले.

बिनचूकने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. "ठमे..."

ती वळली नाही. टेप गुंडाळत होती, तोही चुकीचा, पट्टी पिळून. तो पिळलेला टेप तिने त्याच्या हातात ठेवला.

"तू घरी जा, दादा," ती म्हणाली. "आणि गवंडी सोमवारी येईल भिंत पाडायला, तेव्हा येऊ नकोस. त्याला मीच दाखवेन कुठून पाडायची ते."